शेंडेनक्षत्राचा फोटो

शाळा मी पाचवीत सोडली, पण पाढे सुटले नाहीत. तिसापर्यंतचे तोंडपाठ होते, आणि पुढं दारव्ह्याच्या फोटो स्टुडिओत तेवढीच विद्या रोज कामाला आली. तिथं घड्याळ एकच, तेही बाहेर गिऱ्हाइकांच्या खोलीत. डार्करूमच्या काळोखात फिल्म औषधात किती वेळ हलवायची ते मी पाढ्यांवर मोजायचो. दोनाच्या पाढ्याला फिल्म आत घालायची, तिसाचा सावकाश म्हणून झाला की बाहेर काढायची. आकाशाचे फोटोही मी असेच काढले, ओठांतल्या ओठांत पाढे म्हणत.

माझं गाव घाटाखालचं, समुद्राकाठचं. वडील गेल्यावर एका लांबच्या मामाबरोबर मी चौदाव्या वर्षी वऱ्हाडात आलो. मामा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर होता. एक हंगाम संपला आणि तो नागपूरच्या बाजूला निघून गेला, मला नंतर बोलावतो म्हणाला. तो बोलावील म्हणून मी जिनासमोरच्या ज्या ओट्यावर वाट बघत बसायचो, तो ओटा स्टुडिओचा होता. चौथ्या दिवशी स्टुडिओवाल्यांनी मला आत बोलावून भाकरी दिली. त्यांना मी भाऊ म्हणू लागलो, त्यांच्या बायकोला वहिनी. राहा म्हणून कुणी म्हटलं नाही, जा म्हणूनही नाही.

अशा घरात माणूस सुखानं राहतो, पण निर्धास्त राहत नाही. माझ्या हातून बशी फुटली तरी रात्री मला पोस्टकार्डावर आईला काय लिहावं ते सुचायचं नाही. बाविसाव्या वर्षीही ते तसंच होतं. मला कुणी कधी काढून टाकायची धमकी दिली नव्हती. ती मीच मला देत असे.

निगेटिव्ह दुरुस्त करायचं काम वहिनींचं. खिडकीशी उतरत्या फळीचं एक लहान डेस्क होतं. त्यात काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड वर यायचा. सुईसारखं टोक केलेली पेन्सिल आणि ब्लेडच्या तुकड्याची चिमुकली सुरी एवढ्यावर त्या माणसांच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवत, मिटलेला डोळा उघडत. औषध मी नीट विरघळवलं नाही, गाळलं नाही, तर फिल्मवर बारीक काळे ठिपके पडायचे आणि छापात ते पांढरे उमटायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा भाऊ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्यांदा झालं तेव्हा वहिनींनी कुणाला न सांगता एकेक ठिपका खरवडून काढला आणि निगेटिव्ह गुपचूप पाकिटात सरकवली. मला ते कळलं होतं, हे त्यांनाही कळलं होतं.

उन्हाळ्यात मी मागच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, झोपायचो. आमच्याकडं आभाळ माडांच्या झावळ्यांतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं. इथं ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत उतरलेलं. पहिल्या उन्हाळ्यात मला त्याची भीतीच वाटली, अंगावर पांघरूण घेऊन मी उकाड्यात पडून राहायचो. मग हळूहळू सवय झाली. उत्तरेला सप्तर्षींतली बाज, म्हणजे चार चांदण्यांची खाट, आणि तिच्यामागं लागलेले तीन चोर मला भाऊंच्या वडिलांनी, बाबाजींनी, दाखवले. मी रात्रीत दोनदा जागा व्हायचो, तेव्हा बाज कलंडलेली असायची, आणि मला वाटायचं की धाबंच हळूहळू फिरतंय, मी, माझी वाकळ, पाण्याचा तांब्या, सगळं.

भाऊंकडं घडीचा एक लहान कॅमेरा होता. झाकण उघडलं की आतून चामड्याचा भाता पुढं यायचा, आणि 'बी'वर काटा ठेवला की दाबून धराल तेवढा वेळ डोळा उघडा राहायचा. एका उन्हाळ्यात रोलातला शेवटचा फोटो शिल्लक होता. मी कॅमेरा धाब्यावर विटांमध्ये बसवला, तोंड बाजेकडं केलं, खटका दोऱ्यानं बांधून टाकला आणि दोनापासून तिसापर्यंत पाढे चार वेळा म्हटले. फिल्म धुतल्यावर पाहिलं तर चांदण्या नव्हत्याच. काळ्या रेघा होत्या, एकाच बाजूला वाकलेल्या, कुणी फणी फिरवावी तशा. आधी वाटलं, फिल्म घासली. मग लक्षात आलं की घासलेली रेघ अशी एका तालात वाकत नाही. चांदण्या चालल्या होत्या, आणि चालता चालता त्यांनी आपली वाट काढून ठेवली होती.

ते मी कुणाला दाखवलं नाही. फिल्म कुणाला विचारून वापरली, असं भाऊ म्हणतील याची धास्ती. निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात, कपड्यांच्या खाली गेली.

पासष्ट साली पोळ्यानंतर बाबाजी बैलगाडीवरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पायाला दोरी बांधून ती बाजेच्या पायथ्याच्या गातावरून, आडव्या लाकडावरून, सोडली आणि टोकाला दोन विटा लटकवल्या. पाय हलता कामा नये, बाज हलता कामा नये. बाजेची खोली पश्चिमेकडं उघडणारी, खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत. त्या खोलीत मी आणि वहिनी दोघंही असायचो. म्हणजे काम त्यांचं आणि बोलणं माझं, कारण वहिनी सासऱ्यांशी बोलत नसत. पदर ओढून दोन हात लांब उभ्या राहत आणि मला म्हणत, बाबाजीले विचार, वरण पातळ पाह्यजे का? बाबाजी ऐकत आणि मलाच सांगत, तिले म्हन, पातळच कर. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मी नव्हतो तेव्हा कोण मध्ये उभं राहत होतं कुणास ठाऊक. बहुधा भिंतच.

दिवाळी झाली आणि कापसाच्या गाड्या यायला लागल्या. गाडीवानांनीच पहिली बातमी आणली, की पहाटे उगवतीला शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, निघतंय, हातभर शेपटीचं. लढाई नुकतीच थांबलेली, त्यामुळं जो तो आपापला अर्थ लावत होता. बाबाजींना अर्थाशी घेणं नव्हतं. बातमी ऐकून ते माझं मनगट धरून म्हणाले, "मी दहा वर्साचा असन. असंच निंघालं होतं. सारं गाव धाब्यावर चढलं. मले ताप होता मनून कोनी उठवलं नाई. सकाळी उठलो तं जो तो त्याचंच सांगून राह्यला. मी तवापासून वाट पाहून राह्यलो, लेका."

पन्नासपंचावन्न वर्षं. आणि आता ते आलं होतं तेव्हा पायाला विटा.

भाऊंनी आधी डॉक्टरांना विचारलं. हाड जुळत आलंय, आता हलवाल तर जन्माचा पाय जाईल, असं उत्तर आलं. त्या संध्याकाळी भाऊंनी घडीचा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. रोलात चार फोटो उरले होते आणि त्या दिवसांत नवा रोल यवतमाळलाही मिळत नव्हता.

"बुढ्यासाठी काढ," ते म्हणाले. "मले काही जमनार नाई. तू रात्री धाब्यावर काय करतं ते मले मालूम आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पहिल्या पहाटे मी पाहिलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. जिनाच्या धुराड्याच्या डाव्या अंगाला, अजून तांबडं फुटायच्या आधी, जमिनीतून एक उजेड वर निघाला होता. तो उजवीकडं कललेला आणि वर जाईल तसा विरळ होत गेलेला, थंडीत गाईच्या नाकातून निघालेल्या वाफेसारखा. त्यातून मागच्या चांदण्या आरपार दिसत होत्या. वारा नव्हता. खाली रस्त्यावर गाड्या रांगेनं उभ्या, बैल रवंथ करत होते, आणि कापसाचा एखादा पुंजका आपल्याच मनानं हवेत तरंगत होता. मी कॅमेरा विसरून उभा राहिलो. आई या वेळी उठून विहिरीवर गेली असेल, तिला हे दिसत असेल का, असं मनात आलं. पहिल्यांदाच मला असं वाटलं की मी फार लांब आलेलो नाही.

मग मी काळ्या पुठ्ठ्यानं कॅमेऱ्याचा डोळा झाकला, खटका बांधला, कॅमेऱ्याचा हादरा थांबू दिला आणि पुठ्ठा अलगद काढला. या वेळी रेघा नको होत्या, म्हणून पाढे थोडेच. दोनाचा, तीनाचा, चाराचा, पाचाचा. पाचाच्या मध्यावर खालून एक गाडी निघाली आणि तिच्या दांडीला लटकवलेला कंदील झुलत झुलत सगळ्या चित्रातून गेला. एक फोटो संपला.

गाडीवान तांड्यावरचा होता, डोक्याला लाल फेटा. त्यानं मान वर करून मला विचारलं, "फोटोवाले, कोनाचा फोटो काढून राह्यले? वर तं कोनी नाई." मी बोटानं दाखवलं. तो हसला नाही. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून रात्री चालायचा, त्याला हे सगळं वरचं ठाऊक होतं, असं म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या पहाटे कॅमेऱ्याच्या काचेवर दव बसलं ते मला उजाडल्यावर कळलं. तिसऱ्या पहाटे तोच गाडीवान परत रांगेत होता. मी वर दिसताच त्यानं आपल्या कंदिलावर घोंगडं टाकलं, पुढच्यामागच्या गाड्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि एकामागून एक दिवे झाकले गेले. सगळा रस्ता काळा झाला. मी दोनापासून सातापर्यंत म्हटले. एकही गाडी हलली नाही. चौथ्या पहाटे पातळ ढग होते, तरी शेवटचा फोटो काढला.

रोज खाली आलो की बाबाजींना सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, तू चांगला सांगतं, पन हे सांगनं मी पयलेच ऐकलं आहे. सारं गाव सांगत होतं. मले पाह्यचं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी फिल्म धुतली. औषध मी दोनदा गाळलं. तिसरा फोटो आला होता. ओल्या फिल्मवर सगळं उलटं असतं. उजळ आभाळात काळी शेपटी, खाली पांढरं धुराडं, आणि चहूकडं चांदण्या, बारीक, किंचित लांबट, तिळासारख्या. फिल्म दोरीला लावली आणि संध्याकाळच्या बसनं मढवलेला एक फोटो पोचवायला नेरला गेलो. परतीची बस चुकली, तिथंच राहिलो. रात्रभर मला झोप नव्हती, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर निगेटिव्ह पाकिटात होती. उजेडाला धरली. ती स्वच्छ होती. शेपटी होती, धुराडं होतं, आणि बाकी काही नव्हतं. एकही चांदणी नव्हती.

वहिनी मागं आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "या बारीले लय ठिपके पडले होते रे. रात्री बसली, सकाळी बसली. तुया भाऊले सांगजो नको."

त्यांचे डोळे लाल झाले होते. एवढ्या चांदण्या, आणि एकीच्याही जागी ओरखडा दिसत नव्हता. असलं काम सगळ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. मला बोलावं की न बोलावं कळेना. मला वाचवायला त्या रात्रभर बसल्या होत्या. शेवटी मी आत जाऊन बिस्किटाचा डबा आणला आणि जुनी निगेटिव्ह, रेघांची, त्यांच्या हातात दिली. या चांदण्या आहेत, म्हणालो. कॅमेऱ्यात त्या ठिपक्यासारख्या येतात, जास्त वेळ ठेवला तर अशा. त्यांनी ती डेस्कवर ठेवली, आरशाचा उजेड घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिली. मग डेस्कवरची सुरी उचलून पदरानं पुसली, पुन्हा पुसली.

"हे पयले काहून नाई दाखवलं?" एवढंच म्हणाल्या.

चांदण्या माझ्या भीतीनं घालवल्या होत्या, त्यांच्या सुरीनं नव्हे.

भाऊंना छाप हवा होता, मी काढून दिला. त्यांनी पाहिला आणि शेपूट आली ना, झालं तं, म्हणून मला आत पिटाळलं. मी वाटेत ठरवलं होतं, बाबाजींनी विचारलं तर सांगायचं की लहान चांदण्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यांनी फोटो हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"हे आभाळ नोहे," ते म्हणाले. "पाटीवर खडूनं रेघ मारल्यावानी दिसते. बाकीच्या चांदन्या कुठं गेल्या?"

मी तोंड उघडलं, आणि मागं दारात बांगड्या वाजल्या. वहिनी आत आल्या. पदर कपाळाखाली ओढलेला होता, पण माझ्याकडं न बघता त्या सरळ बाजेकडं बोलल्या.

"मामाजी, म्या खरवडल्या. दवाई इरघळली नाई मनून ठिपके पडले, असं वाटलं मले."

खोलीत फक्त विटांची दोरी कुरकुरली. बाबाजींनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं, मला निरोप द्यावा तसं, आणि ते थांबले. मग मान वळवली.

"मंग परत लाव," ते सुनेला म्हणाले. "तुले येते ना?"

येत होतं. निगेटिव्हवर एक चिकट औषध चोळलं की पेन्सिल धरते, आणि पेन्सिलीचा ठिपका छापात पांढरा उमटतो. प्रश्न एवढाच होता की कुठं. डेस्क बाजेजवळ आणलं. भाऊंनी बाहेरच्या खोलीतला दिवा काढून तिथं लावला. मला आठवल्या त्या मी सांगितल्या. हाताच्या पंजासारख्या हस्त नक्षत्राच्या पाच तर सोप्या होत्या, पण बाकीच्यांचं माझ्या डोक्यात पीठ झालं होतं. मग मी रोज पहाटे वर जायचो, पाच-सहा चांदण्या डोळ्यांत धरायचो आणि त्या सांडू नयेत म्हणून कुणाशी न बोलता पायऱ्या उतरायचो. ओंजळीतून पाणी नेतात तसं. खाली वहिनी पेन्सिल घेऊन बसलेल्या असायच्या. मी सांगायचो, एक शेपटीच्या वरच्या टोकाशी, दोन बोटं उजवीकडं. दुसरी तिच्या खाली, मंद. बाबाजी उताणे पडून हात वर करून वितीनं मापं घ्यायचे आणि दुरुस्त्या सांगायचे. हस्ताचा आंगठा खाली घे. ते एवढं जवळ नसते, मी सारी उमर रात्री पानी वळवलं आहे. वहिनी विचारायच्या, एवढी ठळक का मामाजी, का याच्याहून बारीक? आणि ते त्यांनाच उत्तर द्यायचे. मी मध्ये बसून दोघांकडं बघायचो. मध्ये बसायची आता गरज नव्हती, पण मी उठलो नाही.

असं चार पहाटे चाललं. वर शेंडेनक्षत्र विरत होतं, शेवटी सुताएवढं राहिलं. खाली ते भरत होतं.

शेवटच्या दिवशी आता माझ्याकडच्या संपल्या, असं मी म्हणालो. वहिनी पेन्सिल ठेवणार, तेवढ्यात बाबाजी म्हणाले, "एक राह्यली." शेपटीच्या पोटाशी, डाव्या बाजूला, एक चांदणी. मी तिथं कधी चांदणी पाहिली नव्हती. चारी पहाटे तेवढी जागा मोकळी होती, मी शपथेवर सांगितलं असतं.

"मायी माय सांगे," ते म्हणाले. "ताप उतरल्यावर. गाईच्या अंगाले वासरू असते तशी एक चांदनी होती मने, शेपटीच्या पोटाशी."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी दिवा जरा जवळ सरकवला. त्यांनी पेन्सिलीला पुन्हा टोक केलं, वाकल्या, आणि दाखवली त्या जागी ठिपका दिला.

संध्याकाळी मी नवा छाप काढला. त्या शेवटच्या ठिपक्यावर वहिनींचा हात जरा जास्त दाबला गेला असावा. औषधात कागद हलवत होतो तर सगळ्यांच्या आधी तीच वर आली आणि शेवटपर्यंत तीच ठळक राहिली. कागद वाळायची वाट न बघता आत नेला. बाबाजींनी ओलाच हातात घेतला. हस्त पाहिलं, धुराडं पाहिलं, शेपटीवरून खालून वर बोट नेलं. मग बोट परत खाली आलं आणि त्या एका चांदणीवर टेकलं, आणि तिथंच राहिलं.

"हाव," ते म्हणाले. "असंच."